खाली हजर

२ सप्टेंबर

दाजींना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकलं असेल तर पुन्हा उचला. मी तुमचा मेहुणा. पलटणीत मला सगळे पिरपिऱ्या म्हणायचे, ते नाव तुम्हीच ठेवलं होतं. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायचो आणि पोपट म्हणायचो. तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान झालात आणि अहो-जाहो सुरू झालं. इतक्या वर्षांनी नुसत्या मायन्यावरच माझा अर्धा कागद फुकट गेला. शेवटी दाजीच लिहिलं.

बहीण गेली तेव्हा मी आलो नाही. पायांचं कारण कळवलं होतं. पाय खरोखरच सुजले होते, पण तुम्हाला ते पटलं नसणार, तुमच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. भाची फोनवर एवढंच म्हणाली, "ठीक आहे, मामा." तिच्या त्या 'ठीक आहे'ची मला अजून धास्ती आहे.

आता कामाचं. काम पडलं म्हणून आठवण झाली असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

जुन्या सैनिकांची रेकॉर्ड कचेरी इथे पोस्टाच्या मागच्या इमारतीत आली आहे. आपल्या लढाईतल्या माणसांच्या नोंदी दुरुस्त करायची ही शेवटची संधी, वर्ष संपलं की खिडकी बंद. मी माझी नोंद काढायला सांगितली. कारकून बाईंनी ती वाचून दाखवली. टेकडीवरची तार तुटली होती ते दिवस. माझ्या नावापुढे रोज संध्याकाळी 'तळावर हजर'. आणि त्याच्या खाली, 'पायाची बोटे थंडीने गेली, कारण स्वतःचा निष्काळजीपणा.' म्हणजे मी वर गेलोच नाही. तंबूत झोपलो आणि पाय पांघरुणाबाहेर राहिले.

टेकडीवर जे होते त्यांना लढाईचं पदक आहे. मला ते लावून कुठे मिरवायचं आहे? इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळण्यात माझा जन्म गेला, पदक तिथल्या वाफेत गंजलंच असतं. पण ते वाक्य, दाजी. आम्ही टायरवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतो. परवा मी जिन्यात होतो आणि खाली माझा मुलगा टायरवाल्याला सांगत होता, "आमचे बाबा युद्धात जखमी झाले, पण झोपेत." दोघं हसले. पोराच्या मनात काही नाही. लहानपणापासून त्यानं हेच ऐकलं, मी कधी दुसरं काही सांगितलं नाही. पदक मिळालं की ते वाक्य खोडावंच लागतं, असं बाई म्हणाल्या. मला डोळे मिटायच्या आत ते खोडलेलं हवं आहे.

'हजर' कुठून आलं ते बाईंना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. म्हटलं, आम्ही टेलिफोनचे तारवाले. दिवसभर तुटलेल्या तारेच्या मागे डोंगरात. संध्याकाळच्या हजेरीला निम्मे बाहेर. हजेरी घेणारा सार्जंट असा, की कागदावरून मान वर करायचा नाही, पण नाव पुकारल्यावर 'हजर' आलं नाही तर त्या माणसाचं जेवण बंद. म्हणून जो तळावर असेल त्यानं बाहेरच्याचं 'हजर' म्हणून टाकायचं. कोणी ठरवलं नव्हतं, पडून गेलेली रीत होती. आणि आवाज काढण्यात पोपटाचा हात धरणारा कोणी नव्हता. माझं रडकं 'हजर'. माझा जोडीदार लंब्या, त्याचं आधी खोकून मग 'हजर'. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, ज्यांनी म्हटलं त्यांच्याकडून तसं लिहून आणा."

तेवढं लिहून द्या. 'या माणसाच्या नावाला मी हजर म्हटलं, तो तळावर नव्हता, तारेवर गेला होता.' एवढंच. माझ्यापुरतं. लंब्याचं नाव त्यात आणू नका, त्याचं इथे काही काम नाही.

पत्र पोचलं की कळवा. पेटीत टाकल्यावर मी झाकण दोनदा वाजवून बघणार आहे, तरी माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

तुमचा मेहुणा


१९ सप्टेंबर

दाजींना नमस्कार.

उत्तर आलं. भाचीचं अक्षर बघून आधी म्हटलं, आता काय वाईट कळवते आहे. मग कळलं की तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, वाचायचं-लिहायचं सगळं तीच करते. ऑपरेशन करून घ्या. आमच्या इस्पितळात लोक सकाळी काठी टेकत यायचे आणि दुसऱ्या दिवशी चादरीवरचे डाग दाखवून आम्हाला शिव्या द्यायचे, इतकं स्वच्छ दिसतं.

तुम्ही सांगितलंत तसं तिनं शब्दाला शब्द लिहिलेलं दिसतं. "भरल्या ताटावरून उठून गेलेला माणूस इतक्या वर्षांनी पान वाढा म्हणतोय." बरोबर आहे, टोमणा मारायचा तुमचा हक्क आहे. "खोटं हजर म्हटल्याबद्दल आता मला कोठडीत टाकणार का? टाकू देत, जेवण तरी वेळेवर मिळेल, तुझी भाची दवाखान्यातून येते तोवर माझं पोट पाठीला लागतं." हे मी सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचे दाजी मजेशीर दिसतात, तुमचं का बरं पटलं नाही?" मी चहा मागितला.

ताटावरून उठलो त्याचं सांगतो. बहिणीच्या लग्नात जेवणं चालली होती, कोणी तरी तुम्हाला म्हटलं, पलटणीतले आवाज काढून दाखवा. तुम्ही सार्जंट काढलात, मला काढलंत, मी हसलो. मग तुम्ही लंब्या काढलात. तो खोकला, आणि त्याच्या मागून ते लांबलेलं 'हजर'. सगळा मांडव हसला. मी उठलो. तुम्हाला वाटलं, मेहुण्याला आपलं स्थळ पसंत नाही. बहिणीलाही तसंच वाटलं आणि तिनं ते अखेरपर्यंत मनात धरलं. तसं नव्हतं. माझ्या पोटात कळ आली होती. तेलकट सोसत नाही मला.

आता मुद्दा. तुम्ही लिहिता, लंब्याचाही अर्ज हवा. "दोघांचंही हजर मीच म्हटलं. तो पाणी आणताना घसरून मेला असं सार्जंटनं स्वतःची कातडी वाचवायला लिहिलं. तुझ्याबरोबर वर गेला, तोफेच्या गोळ्याचा तुकडा लागला तसा जागच्या जागी गेला, हे तूच मला सांगितलंस. मग तुला पदक आणि त्याला घसरगुंडी?"

दाजी, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण त्याला आता पदक कोण घेणार? आई तेव्हाच गेली, लग्न झालं नव्हतं. बाई म्हणतात मेलेल्याच्या अर्जाला वेगळे कागद लागतात. वर्ष संपेल आणि माझंही राहील. आधी माझं होऊ द्या. लंब्याचं मी बघतो, माझ्यावर सोडा.

"त्याच्या मागे कोणी नाही कसं? मी आहे." असं तुम्ही शेवटी लिहायला लावलंत. ती ओळ मी दोनदा वाचली. तरी माझं ऐका.

तुमचा मेहुणा


७ ऑक्टोबर

कारकून बाईंना नमस्कार.

मी तो पिवळ्या स्वेटरचा म्हातारा. काल खिडकीपाशी मला बोलता आलं नाही. मागे रांग होती, एक जण माझ्या खांद्यावरून कागद वाचत होता, म्हणून लिहून देतो. चौथी पास आहे, चुकलं असेल तर तुम्ही नीट करून घ्या.

माझ्या दाजींनी मला न विचारता तुमच्याकडे लंब्यासाठी अर्ज पाठवला. तुम्ही म्हणालात, घटना एक, म्हणून दोघांची हकीकत एकच लागेल. मी सांगितलं, तुकडा लागला तसा लंब्या गेला. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मग तुम्ही दोन रात्री वर काय करत होता? आजोबा, एक तर तो लगेच गेला आणि तुम्ही लपून बसलात. नाही तर तो जिवंत होता आणि तुम्ही त्याच्याजवळ बसलात. तिसरं मी काय लिहू?"

तिसरं नाही. तो जिवंत होता.

वरच्या चौकीचा साहेब वाटेत भेटला, तोंडी म्हणाला, तार तुटली आहे, जोडा. तो संध्याकाळी मारला गेला म्हणून हुकमाला साक्षीदार नाही. आम्ही दोघं तारेला हात लावत लावत वर चढलो. लंब्यानं जोडायला हातमोजे काढले होते. तुकडा त्याच्या कमरेत शिरला. मी त्याला खडकाच्या आडोशाला ओढलं, शर्ट फाडून वर तारच गुंडाळून घट्ट बांधलं. तारेला बोलायचं यंत्र लावून खाली हाका मारल्या. खाली आणखी कुठे तरी ती तुटलेली असणार, आत काही नव्हतं. पायातले मोजे काढून त्याच्या हातांवर चढवले, त्याची बोटं निळी पडत होती. ते माझे मोजे. तेवढा माझा निष्काळजीपणा.

तुम्ही विचाराल, खाली धावत का नाही गेलो. दिवसा वाटेवर गोळीबार होता. आणि आम्हाला शिकवलं होतं ते असं, की तारवाला वर अडकला तर त्यानं तार सोडायची नाही. संध्याकाळी हजेरीत माणूस कमी भरला की चार जण स्ट्रेचर घेऊन तारेच्या कडेकडेनं निघतात. तसं पूर्वी बऱ्याच जणांना आणलेलं मी पाहिलं होतं. म्हणून मी लंब्याला म्हटलं, हजेरी होऊ दे, येतील.

कोणी आलं नाही. मी म्हटलं, धुक्यामुळे थांबले असतील.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या आधी लक्षात आलं. तो हसायला लागला. हसलं की कमरेत दुखायचं, तरी हसला. म्हणाला, "अरे पिरपिऱ्या, आपण तर खाली हजर आहोत." मला कळेना. तर त्यानं पोपटाचा आवाज काढला. म्हणजे पोपट त्याचा आवाज कसा काढतो, तो काढून दाखवला. खोकून. म्हणाला, "आपण जेवून झोपलो असू आता."

नंतर तो हसला नाही. मी उठलो, अंधारात जातो म्हटलं, तर त्यानं बाही धरली. मोज्यातल्या हातांनी नीट धरता येत नव्हतं. एकदा विचारलं, "आज तरी तो गप्प बसला असेल का रे?" मी म्हटलं, बसला असेल. उजाडायच्या आत गेला.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. तंबूत पोपट होता. त्यानं आम्हा दोघांचं जेवण डब्यात घालून स्वतःच्या पांघरुणात गुंडाळून ठेवलं होतं. रोजचं ताजं घेऊन जुनं स्वतः खायचा. त्याला वाटलं होतं, आम्ही वरच्या चौकीवर मजेत आहोत. म्हणाला, "लंब्या कुठाय?" मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "लागला तसा गेला. हूं की चूं नाही."

बाई, त्यानं काही वाईट केलेलं नाही. उलट तो नसता तर आम्ही कितीदा उपाशी झोपलो असतो. मी तळावर असतो तर मीही हेच केलं असतं, फक्त मला खोकला जमला नसता. पण हे त्याला कळलं तर तो असा विचार करणार नाही. म्हणून मी आयुष्यभर त्याच्यासमोर बसणं टाळलं. समोर बसलो असतो तर कधी तरी तोंडातून गेलं असतं.

ही हकीकत लिहून घ्या, पण तिची प्रत साक्षीदाराला पाठवू नका. तुम्ही म्हणालात नियम आहे, साक्षीदारानं वाचून सही करायची. नियम मीही पाळला होता.

आपला,
पिवळ्या स्वेटरचा


११ ऑक्टोबर

दाजींना नमस्कार.

कचेरीतून एक जाड पाकीट येईल. बाई नियमाच्या पक्क्या आहेत, माझं काही चाललं नाही. त्यात टाइप केलेली हकीकत आहे. ती वाचत बसू नका. कचेरीची भाषा, डोकं दुखेल. शेवटच्या पानावर खाली रेघ आहे, तिथे सही. बस.

पोरी, तू हे वाचून दाखवत असशील, तर तुला सांगतो, मधली पानं उलगडू नकोस, उगाच फाटतील. बाबांचं बोट रेघेवर ठेव आणि सही करून घे. पण हेही तू त्यांना वाचूनच दाखवणार. मी कोणाच्या कानात काय सांगावं? तुमच्या घरात पत्राला दोन डोळे आणि चार कान.

दाजी, वाचायची काही गरज नाही असं का म्हणतो, तर त्यात टाइपाच्या चुका आहेत. नाव चुकलंय, तारीख चुकलीय. मी दुरुस्त करायला सांगितलं आहे. शिवाय बाईंनी मला बोलतं करून नको तेवढं लिहून घेतलं, तुम्हाला माझी बडबड माहीत आहे. एका वाक्यात मावेल ते मी पानभर करतो.

लंब्याचा अर्ज तुम्ही परस्पर पाठवलात, त्याचा मला राग नाही. तो मंजूर होईल असं दिसतं.

इकडे बरं आहे. मुलगा माझ्याबरोबर कचेरीत आला होता, बाईंनी त्याच्यासमोर वाचलं.  दुसऱ्या दिवशी खाली टायरवाल्याकडे त्याचा आवाज चढलेला ऐकला. वर आला तेव्हा हातात लोकरीचे मोजे होते, जाड, महागातले. माझ्या मांडीवर टाकले आणि म्हणाला, "घाला." घरात घालून बसलो आहे. गरम होतं, पण काढवत नाही.

सही करून पाकीट परत पाठवा. वाचू नका. तुम्ही कधी माझं काही ऐकलेलं नाही, हे एक ऐका.

तुमचा मेहुणा


३० ऑक्टोबर

पोपट,

दाजी लिहीत नाही, कारण आज मला तुझ्याशी जुन्यासारखं बोलायचं आहे. पोरी, हे सावकाश वाच आणि काही गाळू नकोस.

भाचीचं पत्र आलं. पाकीट आलं आणि तू म्हणालास, सही नंतर, आधी सगळं वाच. न वाचता सही करणारा तू कधी नव्हतास, हे मी विसरलो. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ती लिहिते, तू तिला मध्ये थांबवलंस, एक वाक्य पुन्हा वाचायला लावलंस, आणि त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडला आहेस. ताट ठेवलं तसं उचलते. तिनं विचारलं आहे, "मामा, हे खरं आहे का? बाबा एवढंच विचारतात, दुसरं काही बोलत नाहीत."

तर ऐक. खोटं आहे.

पदक हवं होतं म्हणून रचलं. कोणी शिकवलं नाही, माझंच डोकं. लंब्या लागला तसा गेला, हूं की चूं नाही, तेव्हा सांगितलं तेच खरं. तो पडला. मी खडकामागे लपून बसलो. वाटेवर गोळीबार थांबला तरी बसून राहिलो. दोन रात्री. स्ट्रेचर आलं असतं तरी मी हाक मारली नसती, इतका भ्यालो होतो. आणि आलं असतं तरी लंब्याला त्याचा काही उपयोग नव्हता, तो केव्हाच गेला होता. मोजे ओले झाले म्हणून मीच काढून फेकले. सार्जंटनं निष्काळजीपणा लिहिला तो बरोबर लिहिला. त्या गाढवानं जन्मात एक गोष्ट खरी लिहिली.

आता हे कचेरीत कसं सांगू? घाबरून बसलो म्हणणाऱ्याला कोण पदक देतं? म्हणून मेलेल्याला दोन रात्री जिवंत ठेवला. त्याच्या जिवावर मी मोठा झालो असतो. लाज वाटते, पण तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तू म्हणालास असं भाची लिहिते, "आपण खाली हजर आहोत, हे लंब्याचंच बोलणं आहे, पिरपिऱ्याला हे सात जन्मांत सुचायचं नाही." सुचलं, पोपट. धुलाईखान्यात दिवसभर बॉयलरच्या आवाजात कोणाशी बोलता येत नाही. माणूस मनात सगळ्यांचे आवाज काढतो. तू एकटाच पोपट नव्हतास. लंब्या काय बोलला असता ते मी कितीदा रचलं असेल. तू लग्नात त्याचा आवाज काढलास तेव्हा मी उठलो तेही त्याचमुळे. तो आवाज आला की मला माझं खडकामागे बसणं दिसायचं. पोटात कळ वगैरे काही नव्हती.

तुझ्या 'हजर'नं कोणाचं काही गेलं नाही. आम्हाला जेवण मिळालं, एवढंच झालं. मी खाली आलो तेव्हा तू पुढे केलेला डबा मी खाल्ला होता, तुला आठवत असेल. त्या वेळी मला जे वाटलं ते मी तुला कधी बोललो नाही. ते असं, की या माणसाला मी जन्मात दुखवणार नाही. आणि आता पदकापायी हे करून बसलो.

मला शिव्या दे. तुला येतात तेवढ्या सगळ्या दे, भाचीला लिहायला लाज वाटली तर फोनवर दे. पण उठून बस. ती दवाखान्यातून दमून येते, तिला रोज भरलेलं ताट परत न्यायला लावू नकोस.

सही करू नकोस. कागद तसेच कचेरीत परत पाठव. तुझा विश्वास बसत नसेल तर कचेरीचंच पत्र तुला येईल, त्यात शिक्क्यासह लिहिलेलं असेल. मग तरी बसेल ना?

तुझा
पिरपिऱ्या


३० ऑक्टोबर

कारकून बाईंना नमस्कार.

माझा आणि लंब्याचा, दोन्ही अर्ज मागे घेतो. नुसते मागे घेऊ नका. कारणाच्या रकान्यात लिहा, 'अर्जदाराने खोटी हकीकत दिली.' तुम्ही एकदा सांगितलं होतं, असं लिहिलं की ती नोंद पुन्हा कधी उघडत नाही, आणि नावापुढे कायमचा शेरा राहतो. मला समजलं आहे. तुमच्यावर ठपका येणार नाही, खाली अंगठा आणि सही दोन्ही केलं आहे.

खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. ते तुमच्यापाशी असू द्या. निदान एका माणसाला माहीत आहे, हे मला पुरे. लंब्याचं काय, असं तुम्ही विचाराल. त्याची नोंद पाणी आणताना घसरला अशीच राहील. त्याच्यावर हा दुसरा अन्याय मी करतो आहे. त्याच्याशी मी बोललो, मनातल्या मनात. तो काय म्हणाला ते लिहीत नाही, मी रचलं असं होईल.

मुलगा रोज विचारतो, बाबा, निकाल कधी? टायरवाल्याला त्यानं सांगून ठेवलं आहे. टायरवाल्यानं परवा मला खुर्ची दिली, आपल्या फडक्यानं पुसून. निकालाचं पत्र घरी येईल तेव्हा मुलगाच उघडेल, मला उघडू देणार नाही. तेव्हा माझी प्रत सावकाश पाठवा. महिना लागला तरी चालेल.

दाजींची आज पाठवा. साध्या टपालानं नको, हातात देऊन सही घेतात त्या टपालानं. शेरा ठळक करा, त्यांच्या मुलीला वाचताना अडखळायला नको. आजच पाठवा, बाई. ते जेवत नाहीत.

आपला,
पिवळ्या स्वेटरचा